यंदा हंस आले नाहीत

पावणेसात वाजता. घड्याळ नव्हतं हो हातात, पण कारखान्याचा भोंगा झाला आणि त्याच्यामागोमाग बंदुकीचा बार उडाला, म्हणून सांगते — पावणेसात, शहाऐंशीच्या दसऱ्याचा दुसरा दिवस. बसा ना साहेब, पाटावर बसा, पाणी घ्या. पण हंसांचं विचारू नका. मुलुंड स्टेशनपासून चिखल तुडवत आलात, दिसतंय मला — तरी नाही. पानवाल्याने पाठवलं ना? मिठागरातल्या कुंदाला सगळी पाखरं ठाऊक, म्हणाला? आहेतच ठाऊक. सातवी शिकलेय मी, पण डोळे काय मॅट्रिक झाल्यावर मिळतात? आमचे हे उघाडी सांभाळतात — खाडीचं पाणी आत घ्यायचं दार हो — म्हणून माझं रोजचं जाणं बांधावर. पाऊस सरला, की मिठाचं काम लागेपर्यंत आगरात पाणी नुसतं उभं असतं, तेव्हा उतरतात ते. डोक्याच्या मागे दोन आडवे काळे पट्टे, काजळाची बोटं ओढल्यासारखे. एका मास्तरांना सांगितलं तर हसले — बाई, बदकं असतील! बदकं म्हणे!

मग तो आला. गळ्यात दुर्बीण, अशीच, तुमच्यासारखी. ताई म्हणाला, पट्टे खरे आहेत म्हणाला — पहिल्यांदा कोणी खरं मानलं माझं, मी फुशारले. सांगून टाकलं, तिसऱ्या बांधापलीकडे, तिवरांच्या आड, भोंग्याच्या वेळेला या. खांद्याला लांब पिशवी होती, बघितली मी, पण वाटलं दुर्बिणीची तिपाई असेल — आधी एका साहेबांकडे होती तशी. तिपाई! आणि माझी मीरा, चार वर्षांची पोर, हंस बघायला माझ्याआधी धावत गेलेली. दोन हंस पडले. एक तिच्या पायाशी, फडफडत. नाही, तिला लागलं नाही. पण वर्षभर पोर बांधावर गेली नाही. दिवाळीत लवंगी वाजली तरी गोधडीत. सासूबाई म्हणतात, बाहेरची बाधा — मी म्हणते, कसली बाहेरची, माझ्या तोंडाची बाधा. जागा मी दाखवली, हे अजून यांनासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे.

तुम्ही तसे नाही? कपाळावर लिहिलेलं असतं का? पिशवी उघडा, बघू. वही, डबा, केळी — बरं. तरी नाही.

पाकोळ्या बघा हव्या तर, त्या काय, तारेवर. गेल्या आठवड्यात आल्या. सगळ्या सारख्याच वाटतात ना? ती टोकाची उडू दे — दिसला कमरेवर विटकरी पट्टा? तसल्या दोनच आहेत. लिहा, खुशाल जगाला सांगा, पाकोळीवर कोण काडतूस फुकट घालवतंय? मीराच दाखवते मला त्या. आता जाते हो बांधावर, परवापासून जाते, ओरडतच आली — आई, सात आहेत, सात, पट्टेवाले —

पाकोळ्या. पाकोळ्यांचंच म्हणाली ती. तारेवर पन्नास आहेत, ते मलाही दिसतंय, मोजू नका.

बरं, कळलं तुम्हाला. कळलं तर कळलं! वर्षाने माझं पोर त्या बांधावर हसलंय, साहेब. तिथे तुमचं पाऊल पडणार नाही. मालकाची चिठ्ठी आणा, नाहीतर आमच्या ह्यांना मध्ये घाला, मी आडवी झोपेन बांधावर. काढा वही. लिहा — मुलुंडच्या मिठागरात हंस आले नाहीत. खाली तारीख घाला. झालं? उठा आता, भरती लागेल. तिकडून नाही — इकडून, या वाटेने. आणि तुमच्या दुर्बीणवाल्या मंडळींना सांगा, पानवाल्यालाही सांगा, चार माणसं उभी असताना, मोठ्याने सांगा — यंदा हंस आलेच नाहीत, कुंदाने सांगितलंय.