अर्धा इंच

…हलू नकोस म्हटलं ना, बाळ्या! टाचणी पोटरीत घुसली तर बोंब मारशील. पन्नाशी आली तरी माप देताना घोड्यासारखा नाचतोस — दोन मिनिटं स्टुलावर गप उभा राहा, आज ताईचं ऐकायचं. काय म्हणालास फोनवर? "तो बायकांचा आजार, माझा काय संबंध?" संबंध! अरे शहाण्या, थोरली आत्या स्तनाच्या कॅन्सरने गेली, धाकटी त्यानेच गेली — आणि त्या दोघी कोण? अप्पांच्या सख्ख्या बहिणी. मग रक्तातला, म्हणजे जनुकातला, तो दोष अप्पांकडे असू शकतो की नाही? असू शकतो! पुरुषाला बहुतेक वेळा काही होत नाही, क्वचित होतंही, पण पोराबाळांना मात्र तो देऊन जातो — चोरपावलांनी. अप्पांनी आपल्याला काय दिलं? ते भोपळ्याएवढं नाक, ते घोरणं, आणि मला हे. हो, मला. परवा रिपोर्ट आला. असा डोळे फाडून बघू नकोस, पाय सरळ ठेव.

नाही रे, आजार झालेला नाही. दोष आहे म्हणजे आजार होणारच असंही नाही — डॉक्टरीणबाईंनी तीनदा समजावलं, मी तीनदा मान हलवली, चौथ्यांदा कळलं. पण धोका वाढतो. बराच वाढतो. म्हणून आता सारख्या तपासण्या, नाहीतर दोन्ही स्तन काढूनच टाकायचे — मी म्हटलं, टाका काढून, आता कोण बघतंय! त्या हसल्या बिचाऱ्या. घरी येऊन नळ सोडून ढसाढसा रडले, ते सोड. माझं ठरेल काय ते. तुझं काय? तुझ्याकडे असण्याची शक्यता निम्मी — छापा की काटा. आणि तुझ्याकडे असला, तर तुझ्या दोन्ही पोरींपैकी प्रत्येकीला पुन्हा तेच, छापा की काटा. अरे, नळीभर रक्त मागतायत, मूत्रपिंड नाही मागत कुणी!

"कशाला उगाच उकरायचं?" — वा! अगदी घराण्याला शोभलास. थोरलीच्या वेळीही हेच, "छातीचं दुखणं" म्हणायचे, खरा शब्द कुणी काढायचा नाही. सगळे मूग गिळून बसले, आणि मी तरी कुठे मोठी शहाणी — जाऊ दे. जाऊ दे म्हटलं ना! …बरं, ऐक. धाकटी आत्या माझ्याकडे ड्रेस शिवायला आली होती. माप घेतलं, तर डावी बाजू अर्धा इंच जास्त. आदल्या वर्षी दोन्ही सारख्या होत्या, माझ्याच वहीत लिहिलेलं. टेप सरकवताना हाताला गाठ लागली. मी काय केलं? डावीकडची टक्सची चुणी सैल केली, उजवीकडे अस्तराखाली कापूस भरला. काय फिटिंग बसलं म्हणून सांगू! आत्या आरशात बघून म्हणाली, "पोरी, तुझ्या हातात जादू आहे." दीड वर्षात गेली ती. मोठ्या माणसांशी असलं कसं बोलायचं, म्हणून मी गप्प बसले. आग लागो त्या लाजेला! बारा वर्षं झाली, आज पहिल्यांदा कुणाला सांगितलं, आणि ते पण तुला, तुझी पँट आखूड करताना.

रडतोयस होय? रड, पण हलू नकोस. हे बघ, तुझ्या पोरींची आत्या मी आहे. यावेळी मी तोंड बंद ठेवणार नाही — पण पोरींनी हे बापाच्या तोंडून ऐकावं, एवढंच मला वाटतं. झालं, उतर खाली, सावकाश. आणि जिन्यावर पावलं वाजतायत ना, त्या तुझ्याच दोघी. मीच पाचला बोलावलंय. शिव्या नंतर घाल. — या गं या, ते कापड सरकवून बसा. नाही, आज माप नाही घ्यायचं. तुमच्या बाबांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय. मी? छे, मी एक अक्षर बोलणार नाही.

बोल, बाळ्या.