मागं झोपून पाहा

नवेगाव बांध या गावी एसटीची वाट पाहत शामकला गॅरेजसमोरच्या बाकावर बसली होती. आत रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर ओमेश, मागे रोग्याजवळ बसणारी नीतू सिस्टर आणि मिस्त्री मुन्नालाल यांची गाडीला कोणतं सस्पेन्शन बसवायचं यावरून चांगलीच जुंपली होती. शामकलानं कान तिकडेच लावले.

"मुन्नालालभाऊ, कॉइलओव्हरच लावा. जंगलातल्या वळनावर गाडी झुकते. कडक स्प्रिंग असली का रस्ता धरून राहते."

"बात सही है. पन एअर सस्पेन्शनमंधी हवेचे फुगे राहतात. खड्डा तेच खाऊन टाकतात."

"फुग्यावर गाडी डुलते, भाऊ. मंग मले स्पीड कमी करा लागते."

"ओमेशभाऊ, तुमी समोर बसता. एक डाव मागं झोपून पाहा."

"कायले, सिस्टर?"

"झोपा त खरं. मुन्नालालभाऊ, तुमी चालवा. याच्यावानीच जोरात."

गाडी तलावापर्यंत जाऊन परत आली. ओमेश कंबर धरून उतरला.

"सिस्टर, कालची ते पोटुशी बाई त आखा रस्ता चूप होती."

"दात आवळून होती. माहा हात सोडत नव्हती."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तिनंच सांगू देल्लं नाई. म्हने, भाऊ माह्यासाठी जीव तोडून चालवून राहिला, त्याले टोकू नोका."

ओमेश मुन्नालालकडे वळला.

"हवेचेच लावा, मुन्नालालभाऊ."

"अन् वळनावर?"

"वळनावर मी पाहून घेईन."