गणिताची घंटा

चहा थंडा झाला तरी चालंल, आधी हे ऐका. मले तर अजून विश्वास बसून नाही राह्यला!

दहावीचा निकाल घसरला म्हणून आम्ही पाच शाळांचे मुख्याध्यापक मारेगावच्या पुढच्या एका शाळेत जमलो होतो. तिथल्या मुख्याध्यापक सरांनी आल्याआल्या अर्धा तास कॉपीमुक्तीवर भाषण देलं. भाषण संपल्यावर मी म्हणली, "पोरं कुठं अडते हे समजाचं असंल, तर गणिताचा सराव पेपर आपणच सोडवून पाहू."

सगळे हसले, पण बसले. सुपरवायझर मी. सरांनी हौसेनं बाहेरच्या शिपायाले आवाज देला, "गणिताची घंटा दे रे!"

घंटा झाली. सर दुसऱ्याच प्रश्नाले घामाघूम. तेवढ्यात मागच्या खिडकीतून कागदाचा एक बोळा टपकन त्यांच्या बाकावर पडला. मी उलगडून पाह्यला. गाईडातलं फाडलेलं पान!

मी धावतच खिडकीशी गेली. बाहेर तोच शिपाई उभा, हातात दुसरं पान तयार.

"काहून टाकून राह्यला रे हे? अन् कोणाच्या सांगण्यावरून?"

तो माह्यापेक्षा जास्त चकित. "आत पोरं नाहीत काय, मॅडम? गणिताची घंटा देली का इथं उभं राहाचं, हे तर दरसालचंच हाय."

मग त्यानं मान वाकडी करून आत सरांकडं पाह्यलं अन् भोळेपणानं इचारलं,

"यंदा बंद केलं काय, सर?"