विनासंमती ओढाईचे दर

(चांदा जिल्हा, १९५७. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. चामोर्शीकडच्या जंगलातल्या एका लहान गावाची चावडी. बोलणारे तिघं : तालुक्याचे नवे साहेब, त्यांचे कारकून भैयाजी आणि गावातली बुधरी.)

साहेब : ...आणि म्हणून लिहा भैयाजी, की मालकाच्या संमतीवाचून त्याचं वाहन ओढून न्यायचं आणि वर मनाला येईल तेवढी ओढाई उकळायची, हे अंधारयुग आजपासून या जिल्ह्यातून संपलं! ठेकेदार असो की मालगुजार, यापुढे प्रत्येकाला सरकारी दर! इथे टाळ्या पडतील. थोडी जागा सोडा.

भैयाजी : सोडली साहेब. पण टाळ्याइचं जरा कठीण दिसून राह्यलं.

साहेब : का? दवंडी दिली होती ना?

भैयाजी : दिली होती. पण अख्ख्या गावाच्या तळहाताची सालटी निघाली आहेत. काल तुमची जीप नाल्यातून ओढली ना त्याइनं.

साहेब : त्यांना कोणी सांगितलं होतं ओढायला?

भैयाजी : कोणीच नाई. म्हणजे विनासंमतीच झाली. नव्या नियमातला हा पहिलाच मामला साहेब. मुहूर्त चांगला लागला.

साहेब : अहो, निदान मालकाला विचारायचं तरी!

भैयाजी : मालक म्हणजे सरकार. सरकार पहिले नागपूरले होतं, आता मुंबईले गेलं. तिथून संमती येईपर्यंत जीप वैनगंगेत पोचली असती.

साहेब : मी जीप सावलीत लावली होती.

भैयाजी : सावलीतच होती. नाल्याच्या रेतीत, जांभळीखाली. ड्रायव्हर पोळ्याले घरी गेला म्हणून तुम्हीच आणली. वर डोंगरात पाऊस झाला हे जीपले कसं समजावं? तुम्ही तर तिकडे तितराच्या मागं...

साहेब : जंगलपाहणी म्हणा.

भैयाजी : पाहणी. पाहणीतले दोन मीच भाजले.

साहेब : ते राहू द्या. दाराशी ती बाई कोण उभी आहे? तक्रार असेल तर येऊ द्या आत. नियमाचा लाभ घ्यायला आलेली पहिली नागरिक!

भैयाजी : ये बुधरी, ये. साहेब, ही पोचूची बायको. पोचू म्हणजे काल जीपले मागून रेटत होता तो.

बुधरी : जोहार साहेब. पोचूचा पाय मोडला. तुमची गाडी मागं सरकली, चाक नडगीवर गेलं. हाडूक दिसून राह्यलं. अंगात ताप भरला. त्याले जीपमंदी घाला अन् चांद्याच्या दवाखान्यात टाका. तुमी तिकडंच जाऊन राह्यले म्हनते.

साहेब : अरेरे, फार वाईट झालं. भैयाजी, नियम काय म्हणतो?

भैयाजी : पायाबद्दल काही म्हणत नाई साहेब. ओढाईबद्दल म्हणते. बैलजोडीले एक दर, रेड्याच्या जोडीले दुसरा, हत्तीले अलग.

साहेब : बाई, किती बैलजोड्या होत्या?

बुधरी : एकबी नाई. काल पोळा होता ना. पोळ्याले बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाई. त्याइचे खांदे हळद-तुपानं शेकले, ओवाळलं, गोड चारलं. मंग गाडीले आमीच लागलो.

साहेब : म्हणजे जीप माणसांनी ओढली?

बुधरी : बायाइनं बी.

साहेब : माणसांचा दर पाहा भैयाजी.

भैयाजी : माणसाले दरच नाई. नियम करनाऱ्या साहेबाइले सुचलं नसंल. मुंबईत जीप कोन ओढते?

साहेब : दर नाही, याचा अर्थ दर शून्य.

बुधरी : मी दर नाई मागत साहेब. जीपमंदी जागा मागून राह्यली.

साहेब : तिथेच तर अडलं आहे. ठरलेल्या दराहून जास्त मोबदला, मग तो रोख असो, धान्य असो की कुठलीही सोय असो, मागणं गुन्हा आणि देणंही गुन्हा. तुमचा दर शून्य. जीपमधली जागा शून्याहून जास्त. मी पोचूला बसवलं, की आपण दोघंही गुन्हेगार.

भैयाजी : साहेब, ते कलम ठेकेदारासाठी होतं. ते लोकाइच्या बैलबंड्या वाटेवरून ओढून लाकडाच्या डेपोत नेत, अन् सोडवाले कोनी गेला की त्याच्याकडून बेगार घेत.

साहेब : कायदा माणूस पाहत नाही, भैयाजी.

भैयाजी : ते त दिसलंच. बैल पाहते, रेडा पाहते, हत्ती पाहते.

साहेब : भैयाजी!

भैयाजी : म्हणून म्हणतो साहेब, याइले बैल लिहून टाकू. दोघादोघाची जोडी लावू. पोचू उजव्या अंगाचा बैल. मंग दर बी बसते अन् कलम बी मोडत नाई.

साहेब : बाई, तुमची हरकत?

बुधरी : लिहा. बैल लिहा नाई त रेडा लिहा. पन लवकर लिहा.

साहेब : ठीक. हेतू चांगला आहे. आता जखमी बैलाबद्दल काय तरतूद आहे?

भैयाजी : हे पाहा. जखमी जनावर मालकानं चामोर्शीच्या ढोराच्या दवाखान्यात न्यावं.

बुधरी : मंग तिथं न्या! जीप तिकडूनच जाते.

भैयाजी : तिथंच घोटाळा झाला बाई. सरकारी जीपमंदी जनावर बसवाची मनाई आहे.

बुधरी : काऊन? काल तुमचा कुत्रा बसला होता.

साहेब : तो शिकारी कुत्रा... म्हणजे पाहणीचा कुत्रा आहे. त्याची परवानगी घेतलेली आहे.

बुधरी : भैयाजीभाऊ, मंग त्याले परत मानूस लिहा.

भैयाजी : लिहितो. पण माणूस लिहिला की दर शून्य, अन् आपण पुन्हा इथंच.

बुधरी : साहेब, मले लिहनं समजत नाई. गावातला कोलू म्हने, जाऊ द्या वाहून, आपली हाये काय? पोचूच म्हने, सरकारची हाये, आपल्या नाल्यात बुडली त आपल्याच गावावर येईल. त्याच्याच म्हनन्यानं गाव लागलं. तुमीच सांगा, आमी ओढली नसती त?

साहेब : ओढली नसती तर वाहून गेली असती. पूर आला, जीप गेली, दैवाचा कोप. एका ओळीचा अहवाल. मला कुणी एक शब्द विचारला नसता.

बुधरी : अन् ओढली म्हनून?

साहेब : बाई, चांद्याचे डॉक्टर विचारतील, पाय कशानं मोडला?

बुधरी : जीपनं.

साहेब : मग विचारतील, जीप नाल्यात काय करत होती? ते लिहून घेतात बाई. तो कागद माझ्या वरच्यांकडे जातो.

भैयाजी : आत्ता समजलं साहेब. म्हणजे मोडला पाय, पण अडलं तितर.

साहेब : तुम्ही गप्प बसा. बाई, हे पाहा. मोहाच्या झाडावरून पडला असं म्हणता आलं, तर मी कलमबिलम बाजूला ठेवतो. आत्ता जीप काढतो. मलाही लेकरंबाळं आहेत.

बुधरी : मी म्हनन. शंभरदा म्हनन. सारं गाव म्हनंल.

साहेब : झालं तर मग!

बुधरी : पन पोचू नाई म्हननार.

साहेब : का? एवढा हरिश्चंद्र आहे?

बुधरी : नाई जी. शुद्धीत नाई तो. तापात एकच बडबडून राह्यला, 'जीप सरकली, जीप सरकली.' तोंडावर हात ठेवला तरी थांबत नाई.

भैयाजी : साहेब, ताप आहे. तापातल्या बोलन्याले कोन इचारते?

साहेब : डॉक्टर विचारतात. नाही भैयाजी. नियम तो नियम. एका माणसासाठी पहिल्याच दिवशी मोडला, तर उद्या ठेकेदाराला कोणत्या तोंडानं सांगू? घ्या, पुढे लिहा. 'या नियमामुळे सरकारचा हात दुर्बलांच्या पाठीवर...' लिहिताय ना?

भैयाजी : लिहून राह्यलो. पाठीवर.

साहेब : बाई, तुम्ही अजून उभ्याच? बंडीनं न्या त्याला. आज तर बैल मोकळे आहेत.

बुधरी : बंडी दचके देते साहेब. हाडूक अजून बाहेर येईल. त्याले खांद्यावर उचलून नेतो आमी चामोर्शीपावतर. पुढं एखादी लारी भेटली त भेटली.

साहेब : उत्तम. गावाचं गावानं करावं, हेच खरं स्वराज्य. आणखी काही?

बुधरी : जरा उठता का साहेब? तुमी बसले ती खाट आमची हाये. त्याले तिच्यावरच न्याचं हाये.