वकिलांच्या घरचं वाचन

मंडळी, एक सांगा! भावाभावांच्या युद्धाची ती थोरली पोथी घरात वाचू नये, वाचली की भांडण होतं, असं म्हणतात. खरं की खोटं? गप्प का? वाचून बघितलीच नाही ना कुणी!

मिरजेच्या श्रीनिवास वकिलांनी वाचली! "कसला अपशकुन? आम्ही आजचे वाचक!" म्हणाले, आणि दिवाणखान्यात रोज संध्याकाळी वाचन सुरू! शेजारीपाजारी जमले. वकिलांची थोरली बहीण, अंबूआक्का, अगदी पुढे. आणि सून वैदेही? नवरा गेल्यापासून ती बिचारी दाराशीच बसायची.

अहो, वाचन कसलं — उलटतपासणी! आजोबा दोषी! गुरुजी दोषी! आंधळा राजा? "याला तर जामीनसुद्धा नको!"

आला सभेचा अध्याय. राणीला फरफटत आणलं. ती विचारते — "स्वतःला हरलेल्यानं मला पणाला लावलंच कसं?" वकील ताडकन उठले! "शाबास! आणि हे जाणते बघा, माना खाली घालून बसलेत! अरे, एकानं तरी तोंड उघडा!" डोळ्यांत पाणी हो वकिलांच्या!

आरतीची वेळ झाली. वैदेही त्याच तारेत उठली — आणि तबक तिनंच उचललं!

आक्का कडाडल्या, "ठेव ते खाली! विधवेनं करायची असते का आरती?"

साऱ्यांच्या माना खाली! आणि आपले वकील? कायदा सगळा तोंडपाठ. पण थोरली बहीण... चारचौघांत... त्यांनी आपलं उगीच एक पान उलटलं!

वैदेहीनं तबक खाली ठेवलं. म्हणाली, "वाचा ना पुढे, मामंजी. राणीला कुणी उत्तर दिलं का?"

वकिलांनी पोथी मिटली. "नाही दिलं, पोरी. मीही त्यांच्यातच बसलो होतो." तबक उचललं, तिच्या हातात दिलं. "आक्का, आरती वैदेहीच करील!"

झालं! आक्का तणतणत उठल्या, निम्मी मंडळी पाठोपाठ, घरात महिनाभर अबोला! झालं ना भांडण? व्हायलाच हवं होतं! मी तर म्हणतो, वाचून ज्या घरात हे भांडण झालं नाही, तिथे ती पोथी नुसती चाळली!

असो. कीर्तन संपलं, आता आपली आरती. तबक माझ्या हातात आहे. तिकडे खांबाआड दोघीतिघी कधीच्या उभ्या आहेत, मला इथून दिसतात. तुम्हाला?

या माई, पुढे या. तबक धरा.

आणि मंडळी — माना वर करा!