दलदलीतली पहिली गप्पी

जबाब देणारी: दलदलीच्या मयत राखणदाराची पत्नी, वय ६३, व्यवसाय घरकाम (वाचन हा व्यवसाय होत नाही असे हवालदारांनी सांगितले), राहणार दलदलीच्या फाटकालगतची खोली.

समक्ष हजर राहून सांगते की, त्या सकाळी मी भांडी घासली, पाणी भरले, केर काढला आणि खिडकीतली काचेची बरणी धुवायला मागितली. तिच्यात यजमानांनी दुकानातून आणलेली गप्पी माशांची जोडी होती. पैकी नर दोन दिवसांपूर्वी मेला होता.

यजमान म्हणाले, "अगं, एकटी आहे बिचारी. कुठे टाकू तिला?"

मी म्हणाले, "मग स्थळ बघा तिच्यासाठी! मला बरणी द्या."

ते बरणी घेऊन कामावर गेले आणि रिकामी घेऊन आले. बाहेरचे मासे दलदलीत सोडू नयेत, ही पाटी त्यांनीच रंगवली होती. मी आठवण करून दिली तर म्हणाले, "एकटीचं काय वाढणार?" मलाही ते पटले.

त्याला सहा वर्षे झाली. यजमानांना जाऊन चार. आता भरतीच्या पाण्याबरोबर गप्पी खाडीच्या तोंडापर्यंत पोचल्या आहेत आणि तिथल्या मूळच्या माशांची पिल्ले खातात. शेकडो गप्पी सोडल्याच्या संशयावरून काल शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानाला सील लागले. त्याची बायको माझ्या दारात येऊन म्हणाली, "काकू, यांनी आजवर सख्ख्या मेव्हण्याला एक मासा फुकट दिला नाही, दलदलीला कशाला देतील?"

येत्या सोमवारी फाटकाला यजमानांचे नाव देणार आहेत. म्हणून मी तिला बरणीचे सांगितले नाही. चहा दिला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, घरातली कामे तशीच टाकून मी इथे चौकीवर आले.

साहेबांनी विचारले, "एका मासळीनं अख्खी दलदल भरते होय, काकू?" मी पिशवीतून वाचनालयाचे पुस्तक काढून पान एकेचाळीस दाखवले. गप्पी खारट पाण्यातही तगते, अंडी न घालता पिल्ले देते, आणि नर मेल्यावरही कित्येक महिने त्याचीच पिल्ले देत राहते.

"नर मेल्यावरसुद्धा?"

"हो. आम्हाला मूलबाळ नाही, पण पुस्तकात खोटं कशाला लिहितील?"

दुकानदाराचा यात काही संबंध नाही. फाटकाच्या नावाचे काय करायचे ते दलदलीच्या ऑफिसने ठरवावे.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला. एके ठिकाणी यजमानांना 'आरोपी' लिहिले होते, ते मी खोडायला लावले. बाकी सगळे मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.