मुखपृष्ठावर एकच नाव

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आमचे उदार प्रकाशक, आजचे सत्कारमूर्ती सर, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि खुर्च्या संपल्यावरही भिंतीला टेकून उभे राहिलेले रसिक वाचकहो,

सरांविषयी दोन शब्द बोलायची संधी दिलीत, याबद्दल संयोजकांचे आभार. निवेदकांनी आत्ता माझी ओळख करून देताना 'सरांच्या... म्हणजे लेखनातल्या... सहकारी' असं म्हटलं. बिचारे अडखळले. त्यांचा दोष नाही, मला काय म्हणायचं हा प्रश्न सरांच्या घरात कायमच अवघड होता. रुजू झाले तेव्हा मी लेखनिक होते. सर सांगणार, मी उतरवून घेणार. पुढे सरांचं सांगणं कमी होत गेलं आणि माझं उतरवणं वाढत गेलं. पाहुण्यांसमोर मी 'आमची टायपिस्ट' झाले आणि पुरस्कार घेताना 'माझा उजवा हात'. उजव्या हाताला व्यासपीठावर वेगळी खुर्ची लागत नाही, तेवढीच संयोजकांची सोय.

एकदा धीर करून विचारलं, "सर, आत कुठेतरी बारीक अक्षरात 'शब्दांकन' म्हणून माझं नाव टाकायचं का?"

सरांनी कप खाली ठेवला. अगदी मायेनं म्हणाले, "अगं, शब्दांकन म्हणजे मी बोललो आणि तू लिहिलंस. मी बोललोय कुठे?"

"मग सहलेखक?"

"म्हणजे दोघांनी मिळून लिहिलं. तसं तरी कुठे झालंय?"

इतका प्रामाणिक माणूस मी दुसरा पाहिला नाही. हसा, मीही तेव्हा हसले होते. अखेर 'ऋणनिर्देश' नावाच्या पानावर, कागदाच्या व्यापाऱ्यानंतर आणि घरच्या मांजराच्या आधी, मला जागा मिळाली. तेही मी गिळलं.

पण सरांचं सर्वांत गाजलेलं पुस्तक आपण सगळ्यांनी वाचलं आहे. आईच्या शेवटच्या आजारावरचं. लाँड्रीत जन्मभर इस्त्री केलेली ती बाई, दवाखान्यातल्या पलंगावरही तळहातानं चादरीच्या सुरकुत्या काढत राहते. ते वाचून आपण रडलात. सर जाहीर वाचन करताना स्वतः रडले. ती माझी आई होती. तिचं दिवसकार्य उरकून मी कामावर परतले, तेव्हा माझ्यापुरती लिहून टेबलावर ठेवलेली पानं छापायला गेली होती. वहिनी तेव्हा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या होत्या, "सासूबाईंनी कधी इस्त्री हातात धरली नाही गं." वहिनी, खाली बघू नका, त्या घरात मला खरं सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात.

मी सरांना जाब विचारला. सर म्हणाले, "आई सगळ्यांची सारखीच असते. आणि ज्याचं नाव वर, त्याचंच सगळं आतलं." त्या दिवसापासून मला या माणसाचा राग आहे. तो कमी झालेला नाही, आणि आज सत्कार आहे म्हणून तो कमी झाल्याचं सोंग मी करणार नाही.

आता या नव्या आत्मचरित्राबद्दल. यानंतर सर लेखन थांबवत असल्याचं आपण वाचलं असेल. ते थांबत आहेत, कारण मी थांबले. सरांची एक पद्धत आहे, स्वतःचं पुस्तक छापण्याआधी ते वाचत नाहीत. शिळं होतं म्हणतात. प्रकाशक सरांच्या मजकुराला पेन लावत नाहीत, त्याला ते आदर म्हणतात. मुद्रितं तपासायला माझ्याकडेच येतात. त्यामुळे या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण माझ्याशिवाय कुणीही वाचलेलं नाही. सरांनी त्यात मोठ्या मनानं लिहिलं आहे: 'जी आई मी माझी म्हणून मिरवली, ती माझी नव्हती. माझी पुस्तकं जिनं लिहिली, तिची ती आई. माझी आई गेली तेव्हा निरोप मिळूनही मी एका सत्काराला थांबलो होतो.' सर, पाणी घ्या. अध्यक्ष महोदय, घंटी वाजवू नका, माझं संपतच आलं आहे.

प्रकाशकांनी मला आजवर चहा पाजला, त्याबद्दल आभार. हारतुरे आणणाऱ्यांचे, ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यांचे आभार. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. पुस्तकात झालं असेल तर सरांना विचारा.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे आता सर नव्या पुस्तकातलं एक पान वाचतील. नेहमीप्रमाणे मी खूण घालून ठेवली आहे. नाही वाचलंत तरी बिघडणार नाही सर, पुस्तक इथे प्रत्येकाच्या हातात आहे आणि पानं उलटल्याचा आवाज मला इथवर येतो आहे. पण वाचलंत, तर दुसऱ्या परिच्छेदात माझ्या आईचं पूर्ण नाव आहे. ते जरा सावकाश घ्या.